पाच स्पीकर, एक सबवूफर आणि सगळ्यांवर भारी पडणारी खोली

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, आणि पुढच्याच मिनिटाला पडद्यावर गाड्या आदळायला लागल्या की रिमोट कुठे गेला म्हणून सोफ्याच्या उशा उचकटायच्या. टीव्हीच्या आतल्या स्पीकरवर सिनेमा बघणाऱ्या बहुतेकांचा हा नेहमीचा व्यायाम. यात दोष कानांचा नसतो. टीव्ही जसजसे पातळ होत गेले, तसतशी त्यांच्यातल्या स्पीकरची जागा आक्रसत गेली. बऱ्याच टीव्हींचे स्पीकर आता जमिनीकडे नाहीतर मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. त्यातून सिनेमाचा आवाज मुळात सहा किंवा त्याहून जास्त वेगळ्या वाटांनी यावा म्हणून तयार केलेला. तो सगळा दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबला की पाऊस, पार्श्वसंगीत, गोळीबार आणि माणसांचं बोलणं एकमेकांच्या अंगावर पडतं, आणि त्या रेटारेटीत पहिला बळी संवादांचा जातो.

मग होम थिएटर घ्यायचं ठरतं. चौकशी सुरू केली की ५.१, ७.१, ५.१.२, ई-आर्क, ॲटमॉस, क्रॉसओव्हर, ओहम असा मारा सुरू होतो, आणि शेवटी माणूस जो डबा सगळ्यात मोठा तो घेऊन मोकळा होतो. या शब्दांमागची भानगड वाटते तितकी अवघड नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: बेताचा संच नीट जागी लावला, तर तो कशाही ठेवलेल्या महागड्या संचापेक्षा चांगला वाजतो. तो नीट कसा लावायचा हे कळायला आधी आपले कान काय करतात ते थोडं बघावं लागतं.

दिशा कशी कळते

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात जरासा उशिरा. हा फरक जास्तीत जास्त असतो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. मेंदू एवढ्याशा फरकावरून दिशा ठरवतो. शिवाय मधे डोकं असतं. बारीक, चिरक्या आवाजांना ते अडवतं, त्यामुळे लांबच्या कानाला ते आवाज हळू ऐकू येतात. वेळेचा फरक आणि जोराचा फरक, मुख्य मदार या दोन खुणांवर.

स्टीरिओ याच खुणांवर चालतो. दोन स्पीकरांमधून एकच आवाज एकाच वेळी, सारख्याच जोराने आला, तर तो दोघांच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून, आल्यासारखा वाटतो. इंग्लंडमधल्या ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ साली दोन वाटांच्या आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावरचं पात्र एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, ही सिनेमातली विसंगती त्याला खटकत असे.

पण स्टीरिओची ही किमया फक्त बरोबर मधे बसणाऱ्याला दिसते. सोफ्याच्या डाव्या टोकाला सरकलात की डावा स्पीकर जवळ येतो आणि त्याचा आवाज आधी पोचतो. मेंदूचा नियम असा, की एकच आवाज थोड्या फरकाने दोनदा आला तर जो आधी आला त्याची दिशा खरी मानायची. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९च्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला, म्हणून याला हास परिणाम असंही म्हणतात. परिणाम असा, की कडेला बसलेल्याला सगळे संवाद त्याच्या बाजूच्या स्पीकरमधून ऐकू येतात, आणि नायिका पडद्याच्या मधोमध उभी राहून कोपऱ्यातून बोलते.

सेंटर स्पीकर आला तो यासाठी. संवादांना पडद्याच्या मधोमध स्वतःचा स्पीकर दिला, की कोण कुठे बसलंय याने फरक पडत नाही. सिनेमाच्या आवाजातले बहुतेक संवाद या एकाच स्पीकरमधून येतात. तरीही संच घेताना लोक पुढच्या दोन उंच टॉवरांकडे बघत राहतात आणि सेंटर म्हणून मिळेल ते घेतात. हात आखडता घ्यायचाच असेल तर मागच्या स्पीकरांवर घ्या, सेंटरवर नको. शिवाय पुढचे तीनही स्पीकर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले असावेत. एखादी गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच तिच्या इंजिनाचा पोत बदलला, की सगळा आभास तिथेच फुटतो.

आकडे वाचायचे कसे

५.१ मधला ५ म्हणजे पाच मुख्य वाटा (चॅनेल): पुढे डावा, सेंटर, उजवा, आणि बाजूला दोन सराउंड. पॉइंटनंतरचा १ म्हणजे फक्त खर्जातल्या आवाजांसाठी राखलेली वेगळी वाट. स्फोट, भूकंप, विमानाची घरघर तिच्यात भरतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका लहान तितका आवाज खालचा. बाकीच्या वाटा २०,००० हर्ट्झपर्यंत जातात, ही १२० हर्ट्झवर थांबते, म्हणून तिला पूर्ण एक न धरता ‘पॉइंट वन’ म्हणतात. ७.१ मध्ये मागे आणखी दोन स्पीकर येतात. ५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे डोक्यावरचे दोन. आणि ५.२ असं कुठे दिसलं, तर दोन सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारे स्पीकर, जोडायची सोय आहे एवढाच अर्थ घ्या. सिनेमाच्या आवाजात खर्जाच्या दोन वेगळ्या वाटा असतात असं नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सबवूफर फक्त त्या ‘.१’साठी असतो असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात त्याचं निम्मं काम वेगळंच असतं: लहान स्पीकरांना न झेपणारा खालचा आवाज रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अँप्लिफायरचा डबा, त्यांच्याकडून काढून सबवूफरकडे वळवतो. किती हर्ट्झच्या खालचा आवाज वळवायचा, ती हद्द म्हणजे क्रॉसओव्हर. हे झालं की लहान स्पीकरांच्या मानेवरचं ओझं उतरतं आणि ते बाकीचा आवाज जास्त स्वच्छ वाजवतात.

कोण कुठे बसणार

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची, ५.१ साठी एक शिफारस आहे आणि ती घरालाही लागू पडते. ऐकणाऱ्याच्या डोक्यापासून सरळ समोर शून्य अंश धरले, तर सेंटर शून्यावर, पुढचा डावा-उजवा दोन्हीकडे ३० अंशांवर, आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर. म्हणजे सराउंडची जागा कानाच्या रेषेच्या किंचित मागे. पाठीमागच्या भिंतीच्या कोपऱ्यात छताला टांगलेले सराउंड अनेक घरांत दिसतात, पण ५.१ची ती जागा नव्हे.

कोनमापक घ्यायची गरज नाही, दोरी पुरते. जिथे डोकं येणार तिथे, सोफ्याच्या पाठीवर, दोरीचं एक टोक धरायला कुणाला तरी सांगा. दुसरं टोक डाव्या स्पीकरपर्यंत नेऊन तिथे गाठ मारा. आता तीच गाठ उजव्या स्पीकरपर्यंत पोचते का बघा, आणि मग तेवढीच लांबी त्या दोन स्पीकरांच्या मधे धरा. तिन्ही बाजू सारख्या आल्या की समभुज त्रिकोण झाला आणि ३० अंश आपोआप जुळले. खोली अरुंद असेल तर त्रिकोण थोडा चिंचोळा झाला तरी चालतो. २२ अंशांपर्यंत फार बिघडत नाही. मात्र दोन्ही बाजूंची दोरी सारखी हवी.

उंचीचा नियम सोपा: पुढच्या स्पीकरमधला ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा छोटा गोल, बसल्यावर कानाच्या पातळीत यावा. सेंटरला हे जमत नाही, कारण तिथे टीव्ही असतो. मग तो टीव्हीच्या खाली ठेवा, पण फळीच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत ओढून, आणि पुढच्या बाजूने त्याखाली रबराचा तुकडा देऊन तोंड जरा वर कानांकडे करा. कपाटाच्या कप्प्यात आत ढकललेला सेंटर बोलतो तेव्हा माणूस हंड्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कित्येकदा संवाद न समजण्याची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर दोन अडचणी येतात. एक तर सराउंड मागे सरकवायला जागाच उरत नाही. मग ते थेट बाजूला, ९० अंशांच्या आसपास लावा, काही बिघडत नाही. दुसरी अडचण खर्जाची. भिंतीजवळ खालचे आवाज फुगतात, आणि तिथे बसलेल्याला सगळं घुमल्यासारखं वाटतं. सोफा अर्धा मीटर जरी पुढे ओढता आला तरी ओढा. सजावटीच्या दृष्टीने ते विचित्र दिसतं हे खरं, आणि या मुद्द्यावर घरात मतदान झालं तर निकाल काय लागेल हेही मला ठाऊक आहे.

खर्जाचं गणित

खरी झुंज सबवूफरशी असते, किंवा खरं तर खोलीशी. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटरांहून जरा लांब असते. राहत्या घरातल्या खोल्या त्याहून लहान असतात, त्यामुळे ही लाट समोरच्या भिंतीवर आपटून परतते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते. खोलीची लांबी लाटेच्या बरोबर निम्मी असेल, म्हणजे इथे ४.३ मीटर, तर लाट जागच्या जागी उभी राहते. दोन्ही भिंतींजवळ आवाज प्रचंड, आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. त्या जागी बसलेल्याला तो एक सूर ऐकूच येत नाही, आणि तो बिचारा सबवूफर कमजोर म्हणून आवाज वाढवत बसतो. तेवढ्यात भिंतीजवळ उभ्या असलेल्याच्या छातीत धडधड सुरू झालेली असते.

हिशेब तुम्हीही करू शकता: ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा, म्हणजे सगळ्यात खालचा अडलेला सूर मिळतो. पाच मीटर लांबीला ३४ हर्ट्झ येतो. त्याच्या दुपटीला, तिपटीला असेच आणखी सूर अडतात, रुंदी आणि उंचीचे वेगळे. म्हणून लांबी, रुंदी आणि उंची एकसारखी असलेली चौकोनी खोली सगळ्यात त्रासदायक. तिच्यात सगळ्या दिशांचे सूर एकाच जागी जमा होतात. आणि म्हणूनच खोलीच्या बरोबर मध्यावर आसन नको, भिंतीला चिकटूनही नको. मधली कुठलीतरी जागा हवी.

आता सबवूफर कुठे ठेवायचा? ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाची दिशा कानांना जवळजवळ ओळखता येत नाही, त्यामुळे तो टीव्हीशेजारीच हवा असं काही नाही. कोपऱ्यात ठेवला तर सगळ्यात जोरात वाजतो, पण जोरात म्हणजे नीट नव्हे. याला एक जुनी आणि दिसायला हास्यास्पद युक्ती आहे. सबवूफर उचलून थेट सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बेस गिटारचे सूर एकेक पायरी वर-खाली जातात असं काहीतरी संगीत लावा. मग तुम्ही हातापायांवर रांगत खोलीच्या कडेकडेने फिरा, कान सबवूफर जिथे ठेवता येईल त्या उंचीवर ठेवून. काही जागी एखादाच सूर ढोलासारखा घुमेल, काही जागी तो गायब होईल, आणि एखाद-दोन जागी सगळे सूर सारख्या जोराने, सुटे सुटे ऐकू येतील. त्या जागी सबवूफर ठेवा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी मधल्या खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. खिडक्यांचे पडदे आधी ओढून घ्यावेत, इतकंच.

सोफ्यावर तिघे-चौघे बसत असतील तर एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन लहान बरे. एकाच्या खड्ड्यात दुसऱ्याची भर पडते आणि प्रत्येक आसनावर खर्ज जवळपास सारखा येतो. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ही मांडणी बहुतेक आयताकृती खोल्यांत जमून जाते.

वॅटचा मोह

अँप्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ८० आणि १०० वॅटच्या रिसीव्हरमध्ये कानाला फरक कळत नाही. तो आकडा खोक्यावर मोठा छापण्यासाठी उपयोगी. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता बघा. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देणारा आणि ९१ डेसिबल देणारा, या दोघांत जो ३ डेसिबलचा फरक आहे तो दुप्पट वॅटइतका. साध्या खोलीत रोजच्या आवाजाला प्रत्येक स्पीकर सरासरी काही मोजकेच वॅट घेतो. उरलेली ताकद क्षणभराच्या स्फोटांसाठी राखीव असते. रिसीव्हरचे वॅट बहुतेक वेळा दोनच स्पीकर वाजवून मोजलेले असतात हेही लक्षात असू द्या, पाचही एकदम वाजले की आकडा उतरतो. आणि पीएमपीओ म्हणून हजारांत छापलेला आकडा दिसला तर तो वाचलाच नाही असं समजा.

ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध. त्याबद्दल इतकंच बघा, की स्पीकरवर लिहिलेला आकडा रिसीव्हरच्या मागे लिहिलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी नसावा. स्पीकर ४ ओहमचा आणि रिसीव्हर किमान ६ मागत असेल, तर मोठ्या आवाजात तो तापून बंद पडू शकतो.

वायरीला जादू नसते. आठ-दहा मीटरांपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, त्याहून लांब न्यायची असेल तर अडीचची घ्या. लक्ष द्यायचं ते जोडणीकडे. वायरीचं टोक सोलल्यावर तांब्याचे केसासारखे तंतू पीळ देऊन एकत्र करा. त्यातला एक जरी सुटा राहून शेजारच्या खोबणीला टेकला तर शॉर्ट होऊन अँप्लिफायर जाऊ शकतो. रिसीव्हरचा प्लग काढूनच हे काम करायचं. आणि लाल ते लाल, काळं ते काळं. एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलं तर काही जळत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. पुढच्या दोन स्पीकरांपैकी एक असा उलटा असेल, तर एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि स्टीरिओ गाण्यात गायकाचा आवाज मधोमध स्थिर न राहता डोक्याभोवती पसरतो. अशी शंका आली तर एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून तेच गाणं पुन्हा ऐका. गायक मधे येऊन उभा राहिला की समजा, तीच जोडणी बरोबर.

घेतलं ५.१, वाजतं स्टीरिओ

सगळं जोडलं, सगळे स्पीकर वाजतायत, तरी सराउंड खरा नाही, असं पुष्कळ घरांत असतं. कारण केबलीत नाहीतर सेटिंगमध्ये.

टीव्हीच्या ॲपमधला आवाज रिसीव्हरकडे उलटा न्यायची वाट म्हणजे एचडीएमआयवरची आर्क. ती २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली. तिच्यातून दाबून लहान केलेला ५.१ जातो, आणि स्ट्रीमिंगवर येतो तसा डॉल्बी डिजिटल प्लसमधला ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही ऐकू येणारा आवाज, तोही जाऊ शकतो. २०१७च्या एचडीएमआय २.१ मध्ये तिची मोठी बहीण ई-आर्क आली, जिच्यातून ब्लू-रेवरचा अजिबात न घटवलेला आवाजही जातो. जुनी ऑप्टिकल केबल ५.१ नेते, पण डॉल्बी डिजिटल प्लस किंवा ॲटमॉस तिला झेपत नाही.

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची तीन-चार भोकं असतात. त्यातल्या ज्यावर आर्क किंवा ई-आर्क लिहिलंय तेच धरायचं, दुसरं कुठलंही चालत नाही. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ शोधा. तिथे पीसीएम निवडलेलं असेल तर बऱ्याच टीव्हींमधून फक्त दोनच वाटा बाहेर पडतात. ‘पास-थ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करा. शेवटी ॲपमध्ये सिनेमाचा आवाज ५.१चा निवडलाय का बघा. एकाच सिनेमाच्या एका भाषेत ५.१ आणि दुसऱ्या भाषेत नुसता स्टीरिओ असंही असतं.

हे सगळं झालं की नाही हे कानांनी ठरवू नका. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर किंवा त्याच्या माहितीच्या पानावर नेमका कुठला आवाज आत येतोय ते लिहून येतं. तिथे ‘डॉल्बी डिजिटल प्लस ५.१’ दिसलं तर काम झालं. ‘पीसीएम २.०’ दिसलं तर वाट कुठेतरी अडली आहे. ‘ऑल चॅनेल स्टीरिओ’ नावाचा एक प्रकार असतो, त्यात दोनच वाटांचा आवाज पाचही स्पीकरांमधून निघतो. पाहुण्यांच्या गर्दीत गाणी लावायला ठीक, सिनेमाला नको.

माइक कानांच्या जागी

बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो प्रत्येक स्पीकरमधून सोडलेली शिट्टी किंवा खरखर ऐकून अंतर, जोर आणि खोलीचा परिणाम मोजतो आणि त्याप्रमाणे दुरुस्त्या करतो. मोजमापात दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. माइक कानांच्या उंचीवर, पण सोफ्याच्या पाठीपासून दूर, कॅमेऱ्याच्या तिपाईवर लावा. पाठीवर ठेवला तर सोफ्यावरून परतलेला आवाजही मोजला जातो. आणि पहिली मोजणी मुख्य आसनावर करा, कारण अंतरं त्या एकाच मोजणीवरून ठरतात. मोजणी चालू असताना पंखा, एसी, बोलणं बंद.

नंतर आकडे तपासा. सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा एक-दोन मीटर जास्त दाखवेल. ते बदलू नका, सबवूफरच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ रिसीव्हरने अंतरात धरलेला असतो. मोठ्या टॉवर स्पीकरांना तो ‘लार्ज’ ठरवून खर्ज त्यांच्याकडेच ठेवतो. तिथे हात घालून सगळे ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आणा. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही हाच आकडा प्रमाण धरला आहे. अगदी छोटे स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. आणि संवाद तरीही दबलेले वाटले तर सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल चढवा. त्यात काहीच गैर नाही.

मोजलेल्या खर्जाबद्दल मात्र एक खुबी आहे. दुरुस्तीची प्रणाली फुगलेले सूर कापू शकते, पण उभ्या लाटेने गिळलेला सूर परत आणू शकत नाही. तिथे जितकी ताकद ओताल तितकी भिंत परतवून लावेल. म्हणून रांगण्याची युक्ती आधी आणि माइक नंतर.

थिएटरचं प्रमाण पाळलं तर घरातही एका स्पीकरचा आवाज १०५ डेसिबलच्या शिखरापर्यंत जायला हवा. घरी कुणी तितक्या जोरात ऐकत नाही, पंधरा-वीस डेसिबल खालीच ऐकतात. आणि आवाज कमी केला की कान खर्ज आणखी कमी ऐकतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. त्याची भरपाई करणारी सोय बहुतेक रिसीव्हरमध्ये असते, ती चालू ठेवा. रात्री नाइट मोड लावा. तो हळू आवाज उचलतो आणि मोठा दाबतो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला रिमोटचा व्यायाम बंद.

खोलीही थोडी वाजते

खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग बारीक टणत्कार ऐकू आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज टोलवतायत. पुढचे स्पीकर आणि सोफा यांच्या मधे जाड गालिचा, खिडक्यांना जाड पडदे, एखाद्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट, एवढ्याने बराच फरक पडतो. भिंतीवर नेमकं कुठे काही लावायचं हे कळायला कुणाला तरी हाताने आरसा भिंतीला धरून सरकवायला सांगा. आसनावरून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज परततोय. अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा पातळ फोम खर्जाला अजिबात शिवत नाही, फक्त बारीक आवाज खातो, आणि सगळ्या भिंतींना लावला तर खोली मेल्यासारखी होते.

डोक्यावरचे स्पीकर आणि साउंडबार

डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये थिएटरांत आणि २०१४ मध्ये घरांत आलं. त्याआधी आवाज ठरावीक वाटांमध्ये वाटून दिलेला असे. ॲटमॉसमध्ये हेलिकॉप्टरचा आवाज आणि तो खोलीत नेमका कुठे असायला हवा याची माहिती अशी जोडी येते, आणि तुमच्याकडे जितके स्पीकर असतील त्यांच्यात तो कसा वाटायचा हे रिसीव्हर त्या क्षणी ठरवतो. म्हणूनच एकच सिनेमा ५.१.२ वरही चालतो आणि ७.१.४ वरही.

छतातले स्पीकर उत्तम. छताकडे तोंड करून आवाज वर फेकणारे स्पीकर मात्र छतावर अवलंबून असतात: ते सपाट, कडक आणि फार उंच नसलेलं हवं. उतरतं छप्पर किंवा मऊ फॉल्स सीलिंग असेल तर परतणारा आवाज भलतीकडेच जातो. सोफा मागच्या भिंतीजवळ असेल आणि ७.१ की ५.१.२ असा पेच असेल, तर ५.१.२ घ्या, कारण मागच्या दोन स्पीकरांना जागाच नाही. पण आधी ५.१ जमू द्या.

साउंडबारला नावं ठेवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. भाड्याचं घर, वायरी न्यायची सोय नाही, खोली लहान, अशा वेळी वेगळा सबवूफर आणि मागचे दोन छोटे स्पीकर असलेला साउंडबार हा समजूतदार पर्याय आहे. बिनतारी म्हटलं तरी त्या मागच्या स्पीकरांना विजेचा प्लग लागतोच, हे घेण्याआधी भिंतीकडे बघून ठरवा. एकाच पट्टीतून भिंतींवर आवाज आपटवून मागून ऐकू आणणारे प्रकार दोन्ही बाजूंना उघड्या भिंती असतील तरच जमतात. एका बाजूला भिंतीऐवजी स्वयंपाकघराचं दार असेल तर तिकडे पाठवलेला आवाज सरळ स्वयंपाकघरात.

ओठ आणि आवाज

शेवटी राहतो तो ओठ आणि आवाजाचा मेळ. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, त्यामुळे बहुतेक वेळा आवाज आधी येतो आणि ओठ मागून हलतात. रिसीव्हरमध्ये ‘ऑडिओ डिले’ असतो, तो दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत न्या. बातम्या देणाऱ्याचा चेहरा जवळून दिसतो, त्यावर हे लगेच कळतं. डबिंग केलेल्या सिनेमावर तपासू नका, तिथे ओठ कधीच जुळणार नाहीत. उलटं होत असेल, म्हणजे ओठ आधी आणि आवाज उशिरा, तर डिले शून्यावर आणा. तरीही उशीर राहिला, तर प्लेयर किंवा स्ट्रीमिंगचा डबा टीव्हीऐवजी थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून फक्त चित्र पुढे टीव्हीकडे जाऊ द्या.